वरच्या माळाची पाटी

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मोरकोंडच्या बौद्धवाडीत एक राखाडी गाडी शिरली आणि निशाच्या अंगणासमोर थांबली. पुढे रस्ताच नव्हता. काच खाली झाली. गाडी चालवणाऱ्याने एक रिकामी बाटली बाहेर धरली आणि विचारलं, "मावशी, हे कुठे मिळतं?"

निशा अंगणात जुन्या चादरीवर मोड आलेली नाचणी पसरत होती. तिने मान वर न करता हात केला. "मागं फिरवा. पान्याच्या टाकीपाशी उजवीकडं वळा. चढ हाय, पयल्या गेरात घ्या."

"नक्की ना? तिथे पाटी वगैरे काही नाहीये."

"नायच हाय. म्हनून तर समदी हितं येतात."

गाडीतले हसले. निशाने तेव्हा वर पाहिलं आणि तिचं लक्ष बाटलीकडे गेलं. ती उठली, हात पदराला पुसले आणि गाडीजवळ आली.

"बगू."

"जपून हां मावशी. नवीन लेबल आहे, याच आठवड्यात आलंय."

लेबलावर एका म्हातारीचा चेहरा होता. डोक्यावर पांढरा पदर, दोन्ही बाजूंना नाचणीची कणसं. खाली मोठ्या अक्षरांत 'गीताबाई'. त्याखाली बारीक अक्षरांत 'एकाच घरात जपलेली शंभर वर्षांची कृती'. म्हातारी दिलखुलास हसत होती. दातांची ओळ पुरी, पांढरीशुभ्र.

"ह्या आजी इथल्याच आहेत म्हणे. तुम्ही ओळखता?"

"माझी सासू."

त्या माणसाचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे हे तुमच्याच घरचं! एक फोटो घेऊ तुमचा?"

"नको. बाटली ऱ्हाऊ दे माझ्याकडं. वर दुसरी देतील तुमाला."

तो काही बोलणार तोच मागच्या सीटवरून बाईचा आवाज आला, "दे रे, जाऊ दे." गाडी मागे फिरली. फिरताना एक चाक चादरीच्या कोपऱ्यावरून गेलं. निशाने तिथली चिरडलेली नाचणी मुठीत घेऊन कोंबड्यांना टाकली. बाटली तिच्या दुसऱ्या हातात होती.

'वरचा माळ' हा बीयरचा छोटा कारखाना पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, मोरकोंडच्या माथ्यावर आहे. त्याचा मालक ऋत्विक आधी पुण्यात कंपनीत होता. ती नोकरी सोडून तो गावी आला, आजोबांच्या जुन्या पडवीची डागडुजी केली, आत स्टीलच्या टाक्या बसवल्या, सरकारी परवाना मिळवला. नेहमीच्या सातूबरोबर तो मोड आणलेली नाचणी वापरतो. पाटी त्याने मुद्दाम लावली नाही. निशाने दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणायचा, "शोधत येऊ दे, काकी. शोधून सापडलं की चव वाढते."

लोक शोधत आले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या मोरकोंडच्या वळणांवर चुकायच्या, शेताच्या बांधापर्यंत जाऊन परत फिरायच्या आणि शेवटी बौद्धवाडीत यायच्या, कारण खालचा रस्ता तिथेच संपतो. मोबाइलवर त्यांचं भांडण चाललेलं असायचं. एक म्हणायचा, अशी बीयर अख्ख्या महाराष्ट्रात नाही. दुसरा म्हणायचा, इतकी गाडी चालवून आल्यावर नळाचं पाणीसुद्धा अमृत लागतं. पण बीयरला येणाऱ्या धुराच्या चवीबद्दल दोघांचंही एकमत असायचं. ती चव दुसरीकडे नव्हती.

ती आली कशी, हे निशा आणि ऋत्विक या दोघांनाच माहीत होतं.

नाचणीला मोड आणण्याचं काम ऋत्विकने निशाला दिलं तेव्हा सांगितलं होतं की मोड आले की फक्त वाळवायचं, भाजायचं नाही. पण नाचणीला मोड आणायचे ते पोरांच्या सत्त्वासाठी, आणि सत्त्व म्हटलं की वाळवल्यावर भाजायचं, हे निशाच्या हाताला इतकं ठाऊक होतं की तिने विचार न करता चुलीवर कढई चढवली. नाचणी टाकली, ढवळू लागली. तेवढ्यात कौलांवर वानरं उतरली. ती काठी घेऊन मागच्या दारी गेली. परत आली तेव्हा घरात धूर होता आणि नाचणी करपलेली होती.

तिने ती तशीच वर नेली. "चुकी माझी. फेका." ऋत्विकने डोक्याला हात लावला. दुसरी नाचणी तयार नव्हती, टाकी रिकामी होती. त्याने नाइलाजाने थोडी करपलेली नाचणी घातली. त्या खेपेची बीयर प्यायलेल्या एका माणसाने मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि त्यानंतर गाड्या वाढल्या. तेव्हापासून दर खेपेला थोडी नाचणी करपवणं हे निशाचं काम झालं. एकदा चुकून केलेलं आता ती नीट लक्ष देऊन करत होती.

ते काम तिच्या जिवावर येत नव्हतं. नवरा गेल्यावर ती महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये होती. बसने जा, बसने ये. इथे काम घरात, उन्हात, स्वतःच्या हाताने. ऋत्विक पगार वेळेवर देत होता. बीयर तिने कधी चाखली नव्हती. रविवारी विहारात सगळे पंचशील म्हणत, आणि पाचवं शील आलं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, की दोन-तीन माना तिच्याकडे वळत. निशा ते इतरांपेक्षा मोठ्याने म्हणायची. बाहेर आल्यावर कुणी काही बोललं तर म्हणायची, "मी नाचनीला मोड आनते. पुडं त्याचं काय व्हतं ते करनाऱ्याला इचारा." हे उत्तर तिला आजवर पुरलं होतं.

आज बाटलीवर सासू होती.

निशाचा मुलगा बुद्धरत्न एमआयडीसीतली रात्रपाळी करून आत झोपला होता. निशाने बाटली त्याच्या उशाशी जमिनीवर ठेवली. "ऊठ."

"काय गो आये?"

"ही कोन?"

त्याने एक डोळा उघडला, मग दोन्ही. उठून बसला. बराच वेळ लेबल वाचत राहिला.

"फोटो आपल्या भितीवरला हाय," निशा म्हणाली. "ऋत्विक आपल्या घरात कदी आला नाय. मग फोटो वर गेला कसा?"

"त्यानं मागितला व्हता. मोबाइलवर पाठवला मी."

"कशापायी?"

"म्हनला, आजीचा मान करायचा हाय. मला वाटलं फ्रेम करून भितीवर लावील."

"मला इचारलं नायस."

"तू नाय म्हनली असतीस."

"म्हंजे ठाव व्हतं तुला."

बुद्धरत्न बाटली हातात फिरवत म्हणाला, "आजीला दात कुठनं आलं?"

"तेच इचारायला चाल्ली हाय वर."

"आये, आज नको. शनवार हाय, गिऱ्हाईक असंल. आन् काम गेलं म्हंजे?"

"काम माझं हाय. तोंड तिचं हाय."

"मी येतो."

"तू झोप. रातपाळी हाय परत."

तिने साडी बदलली नाही. बाटलीचा गळा मुठीत धरून ती निघाली. नळावर सरिता कळशी भरत होती. सरिता तिच्या चुलत दिराची बायको, जिभेने तिखट. "काय गो निशे, आता पिशवी बी नाय? अशी उगड्यावर?"

"उगड्यावरच न्यायची हाय," निशा म्हणाली आणि थांबून बाटलीवरचा चेहरा तिच्यापुढे धरला. सरिताने पाहिलं. कळशी भरून वाहू लागली तरी तिचा हात नळाकडे गेला नाही.

वर जांभळाच्या झाडांखाली लाकडी टेबलं मांडली होती आणि एकही रिकामं नव्हतं. घराच्या ओट्यावर ऋत्विकची आजी ठमाबाई काठी मांडीवर आडवी धरून बसली होती. नव्वदीच्या आसपासची बाई. गिऱ्हाइकं तिच्याबरोबरही फोटो काढत आणि ती कुणालाच नको म्हणत नसे. मधल्या टेबलावर एकटी बसलेली बाई मोबाइल छोट्या स्टँडवर लावून समोरच्या ग्लासाकडे बघत होती. ती राजनंदिनी, पुण्याच्या एका वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर सदर लिहिणारी. 'वरच्या माळा'चा एवढा बोलबाला खरा की खोटा, हे बघायला ती आली होती. ऋत्विक तिच्यासमोर उभा होता.

"अरे, काकी! अगदी वेळेवर आलात!" त्याने पुढे होऊन निशाला टेबलाशी आणलं. "मॅडम, ह्याच निशाकाकी. आमचं सगळं ह्यांच्या हातातून येतं. गीताबाईंच्या सूनबाई."

राजनंदिनीने मोबाइल जरा वळवला. "नमस्कार. रेकॉर्ड केलं तर चालेल?"

"चालंल," निशा म्हणाली. "चांगलंच व्हईल."

"ही कृती तुमच्या सासूबाईंची ना?"

"माझी सासू बीर करत नव्हती. नाचनीचं सत्त्व करायची, पोरांना पाजायला."

"म्हणजे मूळ तेच ना, काकी," ऋत्विक मध्ये बोलला. "मोड आणायची जी पद्धत आहे—"

"मोड तर सगळ्याच बाया आनतात."

"आणि हा धूर?" राजनंदिनीने विचारलं. "ही चव कुठून आली?"

"वानरं आली व्हती."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. ऋत्विकही हसला. "काकी फार विनोदी आहेत."

"इनोद नाय. वानरं कवलावर आली, मी काठी घेऊन मागं गेली, नाचनी करपली. ह्याला म्हनलं फेका. ह्यानं फेकली नाय. त्याला तीन वरसं बी झाली नाय. शंभर कुठनं आली?"

ऋत्विक हसत होता, पण आता फक्त तोंडाने. "मॅडम, थोडी गोष्ट लागतेच. नुसती बीयर कोण पितं?"

निशाने बाटली टेबलावर ठेवली, लेबल त्याच्याकडे करून. आजवर ती त्याला अहोजाहो करत आली होती. आता म्हणाली, "हे दात कुठनं आनलंस तू?"

"कुठले दात?"

"हे."

तो वाकून बघू लागला. "अच्छा, ते होय! डिझायनरने जरा फ्रेश केलंय. मूळ फोटोत त्या जरा कडक दिसत होत्या ना."

"ती कडकच व्हती. आन् तिचा पुडचा दात नव्हता. म्हनून ती कुनाच्या लग्नात बी तोंड उगडून हसली नाय. फोटोत व्हट मिटलेलं हायेत, ते तिनं मिटलेलं हायेत. तू कोन उगडनारा?"

ऋत्विक म्हणाला, "काकी, मला खरंच माहीत नव्हतं. वयोमानाने पडला असेल दात, असं—"

"तो दात ह्याच अंगनात पडला."

हे ठमाबाई बोलली. सगळे ओट्याकडे वळले. म्हातारीने काठी उभी केली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"आजी, तू आत जा, ऊन लागेल," ऋत्विक म्हणाला.

"उनाला काय व्हतंय." तिने काठीचं टोक पडवीकडे, स्टीलच्या टाक्यांकडे केलं. "तुजी टाकी हाय ना, तिथंच भट्टी व्हती. आमच्या यांची. हातभट्टी. आख्खं खोरं यायचं प्यायला. गीताचा नवरा हितंच पडलेला असायचा. एक दिस ती वाडीतल्या बाया घेऊन वर आली. कोयतं घेऊन. मी ह्याच वट्यावर व्हती. तिनं मडकी फोडायला घेतली. यांनी चुलीतलं लाकूड उचाललं आन् फेकलं. तोंडावर बसलं तिच्या."

"आजी—"

"ऐक. रगत आलं. तिनं पुसलं नाय. ऱ्हायलेली मडकी फोडली आन् मगच गेली. मी दात बगितला मागनं, झाडताना." ठमाबाईने काठी परत मांडीवर घेतली. "फेकून दिला."

राजनंदिनीचा हात मोबाइलकडे गेला.

"बंद कशापायी करता?" निशा म्हणाली. "चालू ऱ्हाऊ दे."

राजनंदिनीने हात मागे घेतला.

"तू कधी सांगितलं नाहीस मला," ऋत्विक आजीला म्हणाला.

"तू कदी इचारलंस? तू नाचनीचं इचारलंस."

निशा ऋत्विककडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. नळावर बोलावं तसं ती बोलत होती. "ह्या घरात माझ्या सासूच्या हातचं कोन पानी पीत नव्हतं. तिला पानी पायजे असलं तर वट्याखाली वंजळ धरून बसायला लागायचं. आता तिच्या नावानं बीर पिता. बरं, ते बी असू दे. तुला शंभर वरसांची परंपरा पायजे ना? हाय की तुझ्याकडं, खरी हाय, ह्याच पडवीतली हाय. तुझ्या आजोबाचा फोटो लाव बाटलीवर. माझी सासू उतरव."

मागच्या टेबलावर एक जण हसला आणि मध्येच थांबला. ऋत्विक लालबुंद झाला होता. "काकी, जरा आत या. आत बोलू."

आत टाक्यांच्या मधल्या गार अंधारात तो म्हणाला, "मी वाईट हेतूने नाही केलं. शपथ घेऊन सांगतो. मला वाटलं वाडीचं नाव होईल."

"वाडीला नाव हाय."

"मला मान्य आहे, विचारायला हवं होतं. पण लेबलं छापून आलीत, बाटल्या भरून गेल्यात, दुकानदारांना शब्द दिलाय. एवढी खेप संपू दे. पुढच्या वेळी बदलतो."

"मग पुडच्या वेळी नाचनी देते."

"काकी, असं आडून नका बसू. नाचणी मला बाहेरूनही मिळते. साताऱ्याकडून आणू शकतो. मोड आणलेली, वाळवलेली, तयार."

"आन की."

"आणि धूर?"

"वानरं बी तिकडनंच आन."

ती बाहेर आली. जाताना ओट्यापाशी ठमाबाईने तिचा हात धरला. "निशे, बस गो जरा. च्या घेऊन जा."

"आज नको, आजी." तिने हात सोडवून घेतला, पण हळूच.

उतारावर मागून पावलं आली. राजनंदिनी होती. तिने निशाची टेबलावर राहिलेली रिकामी बाटली हातात आणली होती. "ही विसरलात."

निशाने ती घेतली. दोघी थोडं अंतर चालल्या. मग निशाने विचारलं, "ताई, खरं सांगा. तुमी ठिकठिकानची प्यालेली असंल. एवढं काय हाय त्यात?"

राजनंदिनी म्हणाली, "चांगली आहे. मनापासून केलेली आहे, ते कळतं. पण लोक म्हणतात तेवढी नाही. पुण्यात दोन ठिकाणी याहून बरी मिळते. धूर मात्र कुठे नाही."

"त्यो करपल्याचा."

"हो. आता कळलं."

"मग एवढ्या लांबनं का मरायला येतात?"

"सापडत नाही म्हणून," राजनंदिनी म्हणाली. "सहज सापडली असती तर निम्मेही आले नसते. तो मुलगा बीयर विकतो त्याहून जास्त रस्ता विकतो."

निशा पाण्याच्या टाकीपाशी थांबली. खालून येताना इथून डावीकडे वर जायचं, सरळ गेलं की वाडी. चुकणारी प्रत्येक गाडी इथेच चुकत होती. तिने टाकीचा कठडा बघितला, त्याच्या बाजूचा जुना लोखंडी खांब बघितला. खांबावर पूर्वी नळयोजनेचा फलक होता, तो कधीच पडला होता.

"तुमी लिवनार काय, ह्या समद्याचं?"

"लिहीन. छापतील का, ते माझ्या हातात नाही."

"माझ्या हातात हाय ते मी करते," निशा म्हणाली.

रविवारी सकाळी बुद्धरत्न पाळीवरून आला तेव्हा मोटारसायकलच्या मागे एका निळ्या प्लॅस्टिक पिंपाचं झाकण बांधलेलं होतं. रंगाचा डबा त्याने महाडातून घेतला होता. तो अंगणात बसला, निशा समोर बसली. शब्द तिने सांगितले, त्याने लिहिले. पहिल्या खेपेला त्याने 'दारू' लिहिलं. निशा म्हणाली, "दारू नको. तो बीर म्हनतो, बीरच लिव. आपल्याला खोटं लिवायचं नाय."

विहारातून परतणाऱ्या बायका अंगणात थांबल्या. सरिताने कमरेवर हात ठेवून वाचलं. "तिचं नाव वर पायजे. मोठ्यानं."

"जागा नाय, काकी," बुद्धरत्न म्हणाला.

"मग रस्ता बारीक लिव. रस्ता काय पळून जातो?"

त्याने सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. दुपारी पाटी टाकीजवळच्या खांबावर तारेने आवळली. त्यावर लिहिलं होतं:

गीताबाई यांचा या बीयरशी काहीही संबंध नाही.
बीयरचा कारखाना डावीकडे. वाडीत विचारू नये.

खाली बाण होता, ठळक, डावीकडे दाखवणारा.

तासाभरात ऋत्विक जीप घेऊन खाली आला. उतरला, वाचलं. बायका तिथेच होत्या.

"काकी, हे काढा. ही जागा ग्रामपंचायतीची आहे."

"टाकी बी ग्रामपंचायतीचीच हाय," सरिता म्हणाली. "तुझ्या गाड्या तिला घासून वळतात तवा कोन इचारतं?"

ऋत्विकने सरिताकडे बघितलं नाही. तो निशाला म्हणाला, "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय? लोक येणं थांबेल. त्यात तुमचंही काम आहे. वाडीतल्या चार पोरांचं आहे."

"चांगली असंल तर पाटी वाचून बी येतील," निशा म्हणाली. "नसंल तर नाय येनार. तुझी तुला ठाव."

त्याचा हात खांबापर्यंत गेला, तारेची गाठ चाचपली, आणि परत आला. मग जीपमध्ये बसून वर गेला.

त्याला आठवडा होत आला. पाटी जागेवर आहे. गाड्या टाकीपाशी न थांबता डावीकडे वळतात. काही जण उतरून पाटीचा फोटो घेतात, मग वर जातात. एक-दोन गाड्या पाटी वाचून परत फिरल्याचं सरिता सांगते, पण सरिताचं सगळंच धरून चालता येत नाही. वरून येणाऱ्या काही बाटल्यांवर चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवलेला आहे, काहींवर नाही. वर काम करणारी पोरं म्हणतात, कागद ठमाबाई स्वतः बसून चिकटवते, दिवसभरात जमतील तेवढे. ऋत्विकने तिला थांबवलेलं नाही, आणि नवीन लेबलंही मागवलेली नाहीत. साताऱ्याहून नाचणी आलेली नाही. राजनंदिनीचा लेख अजून छापून आलेला नाही.

निशाला कामावर येऊ नका असं कुणी सांगितलेलं नाही. या असंही सांगितलेलं नाही.

त्या शनिवारची बाटली तिने पाण्यात बुडवून ठेवली, लेबल सुटेपर्यंत. काच घासून स्वच्छ केली आणि ओट्यावर उलटी ठेवली, ऋत्विकची ऋत्विकला परत द्यायला. आतल्या भिंतीवर सासूचा फोटो आहे तिथेच आहे, ओठ मिटलेले.

गुरुवारी तिने घरची नाचणी भिजत घातली. शुक्रवारी उपसून ओल्या फडक्यात बांधली आणि पडवीच्या वाशाला टांगली. बुद्धरत्नने बूट काढता काढता वर बघितलं. "आये, ही कुनासाठी?"

"मोड तर येऊ दे," निशा म्हणाली.

शनिवारी सकाळी अकरापर्यंत अंगणात एकही गाडी आली नव्हती. बाटली न्यायला कुणी आलेलं नाही. फडक्याच्या विणीतून पांढरे मोड बाहेर आले आहेत.